सिंधुदुर्गातील छोट्या ग्रामपंचायती एकत्र कराव्यात का?

धागा
सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 8,68,825 होती, ती 2011 मध्ये 8,49,651 झाली. म्हणजे राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा एकोणीस हजारांनी आक्रसला. रत्नागिरीचेही तेच झाले. सिंधुदुर्गात चारशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत आणि त्यांची सरासरी लोकसंख्या दोन हजारांच्या आतच भरते. एका ग्रामसेवकाकडे दोन गावांचा कारभार असला की दाखल्यासाठी आलेल्या वृद्धाला हेलपाटा पडतो, आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून नळपाणी योजनेचे वीजबिलही भागत नाही. शेजारच्या तीन ग्रामपंचायतींची एक गट ग्रामपंचायत करून तिला पूर्णवेळ ग्रामसेवक द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद 1
तीव्र असहमती. प्रत्येकी बाराशे वस्तीच्या तीन गावांत आज सात-सात, म्हणजे एकवीस सदस्य निवडून येतात. एकत्र केल्यावर छत्तीसशे लोकसंख्येला अकराच सदस्य मिळतील. त्याहून गंभीर बाब ग्रामसभेची आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. आठशे मतदारांच्या गावात त्यासाठी 120 नव्हे, 100 माणसे जमावी लागतात. चोवीसशे मतदारांच्या गट ग्रामपंचायतीतही तेवढीच 100 पुरतात, आणि ती सगळी ज्या गावात कार्यालय आहे तिथलीच असू शकतात. डोंगराच्या पलीकडच्या वाडीतील बाई दिवसाची मजुरी बुडवून तिथवर येणार नाही, आणि तिच्या विहिरीचा, तिच्या पाखाडीचा, म्हणजे पायऱ्यांच्या पायवाटेचा, निर्णय तिच्या अपरोक्ष होईल. कोकणात एकाच गावाच्या वाड्या मैलभर विखुरलेल्या असतात, हे विसरून नकाशावर रेघा ओढता येत नाहीत.

प्रतिसाद 2
एकत्रीकरणाने पैसा वाढेल, ही समजूतही तपासून पाहावी. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानात राज्यांचा वाटा ठरवताना लोकसंख्येला 90 आणि क्षेत्रफळाला 10 टक्के भार दिला. तीन ग्रामपंचायतींची एक केल्याने माणसे वाढत नाहीत. शिवाय 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आपण 2011 च्याच आकड्यांवर वाद घालतो आहोत. मुंबईतला चाकरमानी तिथे मोजला जातो, पण त्याचे बंद घर इथे असते आणि चतुर्थीला गावाची पाण्याची गरज एकदम वाढते. ती गरज कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

धागाकर्ता
गणपूर्तीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, आणि तो मला पटला. त्यामुळे ग्रामपंचायती विलीन कराव्यात हा आग्रह मी सोडतो. परंतु दाखल्यासाठी परत पाठवलेल्या वृद्धाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ग्रामसभा आणि सदस्य गावागावांत जसे आहेत तसे ठेवून हिशेबनीस, पंपचालक आणि दाखल्यांचे काम तीन ग्रामपंचायतींनी मिळून चालवावे, आणि प्रत्येक गावात ग्रामसेवक येण्याचा वार ठरवून तो कार्यालयाबाहेर लिहावा.

प्रतिसाद 1
हे मान्य आहे, मात्र एका अटीवर: सामायिक कर्मचाऱ्यांचे कारण पुढे करून ग्रामसेवकाची रिक्त पदे रद्द होता कामा नयेत. पंपचालकाच्या पगाराचा वाटा लोकसंख्येवर ठरवायचा की नळजोडण्यांवर, हेही आधीच लिहून घ्यावे लागेल. बंद घरांचे गाव पहिली पद्धत मागेल आणि भरलेले गाव दुसरी.