प्रतिसाद: सोलापूरजवळचा हिप्परगा तलाव आणि बदकांचा डक प्लेग

डक प्लेग या बदकांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाबद्दल इथं कुणी विचारलंय, ‘मरणारं बदक रोग लांब नेणार कसा?’ प्रश्न रास्त आहे, पण खरा धोका आजारातून वाचलेल्या बदकाचा. या रोगाचा विषाणू हर्पीस गटातला, तो त्याच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून बसतो आणि अधूनमधून चोचीतून, विष्ठेतून पाण्यात उतरतो.

या विषाणूच्या जनुकांचं म्हणाल तर जीई आणि जीआय (gE, gI) ही दोन जनुकांची जोडी बघा. त्यांची प्रथिनं विषाणूला एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकवतात, प्रतिपिंडांना (शरीराच्या विषाणूरोधक प्रथिनांना) चुकवून! प्रयोगशाळेत ही जनुकं काढली की पेशींच्या थरावर विषाणूने पाडलेले डाग लहान राहतात, म्हणजे तो शेजारच्या पेशींत कमी पसरतो.

उजनी धरणातल्या रोहू माशांची काळजी नको, रोग बदक-हंस कुळातलाच. पण हिवाळ्यात हिप्परग्यावर पाहुणी बदकं उतरतात, तेव्हा पाळीव बदकं तिथं सोडू नका, कळकळीची विनंती.