कोल्हापुरात उतरता उतरता विमान दोनदा परत वर गेलं आणि मग बेळगावला नेलं, पायलटचं चुकलं का?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आईला घेऊन हैदराबादवरनं कोल्हापूरला येत होतो, आईचा पहिलाच विमानप्रवास. पाऊस लागून राहिलेला पण विमान टायमावर सुटलं. उजळाईवाडीच्या विमानतळाजवळ आलो, चाकं खाली आल्याचा आवाज झाला, ढगाच्या फटीतनं उसाची रानं दिसायला लागली आणि एकदम इंजिनाचा आवाज वाढून विमान नाक वर करून परत ढगात. आईनं माझा हात असा धरला की नखं रुतली. दहा मिनिटं कोण काही बोललंच नाही. परत एकदा खाली आलो, परत तेच. मग अनाउन्समेंट झाली की दृश्यमानता कमी आहे, बेळगावला जातोय.

तिथनं लोकांची सुरुवात झाली. खाली घरं दिसत होती मग उतरवायला काय झालं, पायलट नवीन आहे का, आमचं नुकसान कोण देणार. खरं सांगायचं तर मी पण त्या एअर होस्टेस पोरीवर आवाज चढवला, आई घाबरलेली बघून डोकं फिरलं होतं. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल, शांतपणे सगळ्यांना बेल्ट लावा म्हणत होती आणि आईला पाणी आणून दिलं. बेळगावातनं बसनं घरी यायला रात्रीचे अकरा वाजले.

आता मनात दोन-तीन गोष्टी घोळायल्यात. पायलटचं खरंच चुकलं का? हे ठरवतं कोण, कंपनी, टॉवर का कॅप्टन? आणि दहा मिनिटं काहीच का सांगत नाहीत? शिवाय माझी भाची केबिन क्रूचा कोर्स करायचा म्हणतीय आणि घरात सगळे म्हणायलेत चहापाणी द्यायच्या कामाला कशाला कोर्स. त्या दिवशी ती पोरगी बघितल्यापासून मला तसं म्हणवत नाही, पण नेमकं काय काम असतं ते पण माहीत नाही. जाणकारांनी सांगावं.

गांधीनगर_व्यापारी:
माझ्याबरोबर हे दोनदा झालंय आणि एकदा तर आमच्या नंतर तासाभरानं दुसरं विमान आरामात उतरलं. माल बघायला जायचं होतं, अख्खा दिवस गेला. मला वाटतं हल्ली पायलट लोक जरा पण जोखीम घेत नाहीत, जबाबदारी नको म्हणून सरळ बेळगाव नाहीतर पुणे गाठतात. पैसे भरून तिकीट काढणाऱ्यानं कुणाकडं बघायचं?

कागलचा_वैमानिक:
मी एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानावर, सहा वर्षं को-पायलट होतो, आता नवीन पोरांना शिकवतो. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात कोणतरी विचारतंच.

शाहूपुरीकर दादा, पायलटचं चुकलं नाही. तुम्ही जे बघितलं त्याला गो अराऊंड म्हणतात आणि ते काम बिघडल्याचं लक्षण नाही, कामातलाच एक भाग आहे. उतरताना प्रत्येक अप्रोचला, म्हणजे धावपट्टीकडं खाली येण्याला, एक ठरलेली उंची असते, आम्ही तिला मिनिमम म्हणतो. त्या उंचीला आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर वर जायचं, त्यात चर्चा नाही. तुम्हाला खिडकीतनं बाजूची रानं दिसत होती, घरं दिसत होती, पण पायलटला सरळ पुढं बघायचं असतं आणि पुढं पावसाचा पडदा असला की खालचं दिसून उपयोग नसतो. दुसरी अट म्हणजे विमान स्थिर पाहिजे, ढगात असाल तर जमिनीपासून 1000 फुटांवर आणि स्वच्छ हवेत असाल तर 500 फुटांवर स्पीड, खाली यायचा वेग, फ्लॅप (पंखाच्या मागच्या हलणाऱ्या पट्ट्या), चाकं सगळं ठरल्याप्रमाणं बसलेलं पाहिजे. नसेल तर परत वर.

आता दहा मिनिटांची गोष्ट. वर जाताना पॉवर लावायची, फ्लॅप कमी करायचे, विमान चढतंय हे बघून चाकं आत घ्यायची, टॉवरला कळवायचं, डोंगर-ढग-दुसरी विमानं सांभाळत ठरलेल्या वाटेनं वळायचं, इंधन मोजायचं, बेळगावची हवा विचारायची. आम्हाला शिकवलेला क्रमच असा आहे की आधी विमान उडवायचं, मग कुठं जायचं ते ठरवायचं, बोलायचं सगळ्यात शेवटी. शिवाय 10000 फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही असा नियम आहे आणि केबिनमधनं पण अगदी सुरक्षेचं काही असेल तरच फोन करायचा. त्यामुळं कॅप्टन गप्प आहे म्हणजे तो गडबडलाय असं समजू नका, त्याचे हात गुंतलेले आहेत.

ठरवतं कोण? कॅप्टन. टॉवर हवा सांगतो, कंपनी मत देऊ शकते, पण विमानातल्या माणसांची जबाबदारी कायद्यानं कॅप्टनवर आहे आणि शेवटचा शब्द त्याचा. गांधीनगरकर, तुम्ही म्हणता तसं जबाबदारी झटकणं नाही हो हे, ही घेतलेली जबाबदारी आहे. तासानं दुसरं विमान उतरलं कारण तासात पाऊस सरकला. डीजीसीएचं, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याचं, धोरणच आहे की गो अराऊंड केला म्हणून पायलटवर कारवाई करायची नाही, कारण भीतीपोटी एखादा तसाच उतरवायला गेला तर काय होतं हे आपण बघितलंय.

22 मे 2010, मंगळूर. विमान उंच आणि वेगात येत होतं, शेजारी बसलेल्या को-पायलटनं गो अराऊंड करायला सांगितलं होतं, कॅप्टननं उतरवणं चालूच ठेवलं. निम्म्याहून जास्त धावपट्टी मागं पडल्यावर चाकं टेकली, पुढं दरी. 158 माणसं गेली, 8 वाचली. को-पायलटला बरोबर कळलं होतं, सांगितलं पण होतं, तरी थांबवता आलं नाही. मी ते वाचलं तेव्हा स्वतः उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर बसत होतो, त्यामुळं ती गोष्ट माझ्या डोक्यातनं जात नाही. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली, 583 लोक गेले. तिथं फ्लाइट इंजिनिअरनं शंका विचारलेली, समोरचं विमान अजून बाजूला झालं नाही का म्हणून, आणि कॅप्टन पुढं गेला. त्यानंतर क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणून ट्रेनिंग सुरू झालं, म्हणजे धाकट्यानं बोलायचं कसं आणि थोरल्यानं ऐकायचं कसं. आपल्याकडं मोठ्यांसमोर बोलू नये असं वळण असतं, त्यामुळं पोरांना हे शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मशीन शिकवायला नाही.

भडगाव_गडहिंग्लज:
दादा, मी आठ वर्षं केबिन क्रू होते, लेकीच्या वेळेस सोडलं. भाचीच्या प्रश्नाचं मी सांगते.

चहापाणी हे वेळ उरला तर करायचं काम आहे. आम्हाला विमानात ठेवतात ते नियमानं, सीट किती त्यावर किती क्रू पाहिजेत हे ठरलेलं असतं, साधारण 50 सीटला एक. चहासाठी असतं तर कंपनीनं कधीच कमी केले असते. विमान विकायच्या आधी ते बनवणाऱ्या कंपनीला दाखवून द्यावं लागतं की निम्मे दरवाजे बंद ठेवून सगळी माणसं 90 सेकंदात बाहेर पडतात. ते 90 सेकंद ज्यांच्या जिवावर आहेत ती आम्ही. आग, धूर, दरवाजा उघडणं, पाण्यात उतरणं, बाळंतपण, हार्ट अटॅक, पॉवर बँक पेटली तर काय, सगळ्याचं ट्रेनिंग आणि दरवर्षी परत परीक्षा. नापास झालं की उडायचं बंद.

टेकऑफच्या वेळी आम्ही छोट्या सीटवर हात मांडीखाली घेऊन गप्प बसतो बघा, लोकांना वाटतं मोबाईल नाही म्हणून कंटाळल्यात. त्यावेळी मनात उजळणी चालू असते. आत्ता काही झालं तर ओरडायचं काय, माझा दरवाजा कुठला, बाहेर आग दिसली तर दुसरा कुठला, समोर कोण धडधाकट बसलंय जो मदत करेल, कोण म्हातारं आहे. तुमच्या आईला त्या पोरीनं पाणी दिलं ना, तेव्हाच तिनं हे पण बघून ठेवलं असणार की मावशींना उठायला हात द्यावा लागेल. खिडकीची झडप वर करा म्हणतो तेही ह्याचसाठी, बाहेर आग आहे का हे कळायला पाहिजे, आणि अंधारात दिवे मंद करतो ते डोळ्याला सवय व्हावी म्हणून.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. आत 379 माणसं. अनाउन्समेंटची सिस्टिम बंद पडलेली, क्रूनं भोंगे घेऊन आणि घसा फोडून लोकांना सांगितलं, बरेच दरवाजे आगीमुळं उघडण्यासारखे नव्हते तर जे सुरक्षित तेवढेच उघडले. 379 च्या 379 बाहेर आली. बॅगा घ्यायला लोक थांबले असते तर नसती आली.

आणि उलटं उदाहरण पण सांगते कारण आम्हाला ट्रेनिंगला तेच पहिलं सांगितलं होतं. जानेवारी 1989, इंग्लंडमध्ये केगवर्थ. डावं इंजिन बिघडलं, पायलटनी चुकून उजवं बंद केलं आणि तसं अनाउन्स पण केलं. केबिन क्रूपैकी काहींनी डावीकडनं आग निघताना बघितली होती, पण पायलटला आपल्यापेक्षा जास्त कळतं म्हणून कुणी कळवलं नाही. 47 लोक गेले. म्हणून भाचीला सांगा, जिला दिसतं तिनं सांगायचं, हे त्या नोकरीतलं पहिलं काम.

आवाज चढवल्याचं मनाला लावून घेऊ नका, आम्हाला घाबरलेला माणूस आणि माजलेला माणूस ओळखता येतो. मात्र शिवीगाळ केली तरी नियमानं तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी होऊ शकते हे सगळ्यांनी लक्षात ठेवा.

बावडा_एसटी:
माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-वैभववाडी रूट, करूळ घाट. धुकं आलं की घाटाच्या तोंडाला गाडी उभी करायचे, पॅसेंजर कितीही बोंबलले तरी. एकदा अडीच तास थांबले, लोकांनी लेखी तक्रार केली. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले की तक्रारीवर सह्या करायला सगळे जिवंत होते. हा धागा वाचून तेच आठवलं.

कागलचा_वैमानिक:
बावडाकर, वडिलांना नमस्कार सांगा. फरक एवढाच की आम्हाला गाडी बाजूला उभी करता येत नाही, त्यामुळं थांबायचा विचार जमिनीवर असतानाच करावा लागतो. इंधन बघा ना, हैदराबादहून निघतानाच कोल्हापूरपर्यंतचं, वर थोडं जास्तीचं, कोल्हापुरात नाही जमलं तर बेळगावपर्यंतचं, आणि तिथं पोचून पण आणखी 30 मिनिटं फिरता येईल एवढं घेतलेलं असतं. ती शेवटची 30 मिनिटं हात न लावायची. दुसऱ्या प्रयत्नानंतर कॅप्टननं बेळगाव धरलं कारण त्याच्या हिशोबात तिसऱ्याला जागा उरली नसेल, किंवा हवा सुधारायची चिन्हं नसतील.

गांधीनगर_व्यापारी:
ठीक आहे, हे इंधनाचं गणित मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पण एक विचारतो, पेपरात सारखं येतं की पायलट थकलेले असतात, ड्युट्या जास्त. मग अशा माणसाच्या भरवशावर आम्ही बसायचं? माझी चिडचिड उशिराची होती, पण ही खरी काळजी आहे.

कागलचा_वैमानिक:
काळजी रास्त आहे, आणि मी ती झाकणार नाही. थकवा हा दारूसारखाच धोका आहे, फक्त दारू नळीत फुंकून कळते आणि थकवा कळत नाही. दारूचं कडक आहे, ड्युटीआधी 12 तास थेंब नाही आणि फ्लाइटआधी तपासणी. झोपेचं मात्र माणसालाच सांगावं लागतं. मंगळूरच्या त्या फ्लाइटमध्ये कॅप्टन बराच वेळ झोपलेला होता हे चौकशीत आलं. 2025 मध्ये नियम बदलून आठवड्याची सलग विश्रांती 36 वरनं 48 तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर पण मर्यादा आल्या. माझं मत विचाराल तर हे आधीच व्हायला पाहिजे होतं. पहाटे चारला तिसरं लँडिंग करणाऱ्या माणसाला डोळे कसे ओढतात ते मी अनुभवलंय, आणि एकदा मी फोन करून आज उडू शकत नाही म्हणून सांगितलं तेव्हा दोन दिवस पोटात गोळा होता. तसा फोन बिनधास्त करता आला पाहिजे. तुम्ही प्रवासी लोक उशिरावरनं जेवढं भांडता त्यातलं थोडं ह्याच्यासाठी भांडला तर आमच्या पोरांना बळ येईल.

शाहूपुरीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली त्या पोरीचं नाव विचारायला पाहिजे होतं. एअरलाइनला मेल करून फ्लाइट नंबर देऊन त्या क्रूचं कौतुक कळवायचं ठरवलंय, असं करता येतं का? आणि भाचीनं आत्तापासून काय तयारी करावी?

भडगाव_गडहिंग्लज:
जरूर करा दादा, तारीख आणि फ्लाइट नंबर लिहिला की ते क्रूपर्यंत पोचतं, माझ्याकडं अशी दोन पत्रं अजून कपाटात आहेत. भाचीला बारावी पूर्ण करू दे, कोर्सला लाखभर रुपये घालायच्या आधी एअरलाइनच्या थेट मुलाखती बघा, कारण खरं ट्रेनिंग निवड झाल्यावर एअरलाइनच देते. आणि पोहायला येत नसेल तर आधी ते शिकवा, लाईफ जॅकेट घालून पाण्यात उतरायचा सराव असतो, त्यात आमच्या बॅचच्या दोन मुली रडल्या होत्या.

शाहूपुरीकर:
पोहायला येत नाही तिला. उद्याच अंबाई टँकला चौकशी करून येतो.