प्रति: दत्तकपत्र नाही म्हणजे दत्तक नाहीच?

दत्तकपत्र, म्हणजे दत्तक दिल्या-घेतल्याचा कागद, सापडत नाही म्हणजे दत्तक झालंच नसणार, घरच्या जुन्या पत्रात दत्तकाचं आहे ते कुणीतरी मोघम लिहिलंय, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते काही पटलं नाही. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा यायच्या आधी तर सोडाच, नंतरही नोंदणीचा कागद सक्तीचा नाही, असला तर पुरावा भक्कम होतो एवढंच. चार माणसांसमोर मूल दिलं-घेतलं की झालं. (साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा केलं ती गोष्ट वेगळी, तिथं साहेबाला राज्यच हवं होतं.)

आमच्या कराडकडच्या घरात पणजोबांच्या पत्रांचा गठ्ठा निघाला, निम्मी मोडीत, ती वाचून घ्यायला माणूस शोधावा लागला, आणि सगळ्या गठ्ठ्यात दत्तक हा शब्द कुठंच नाही. फक्त एका कार्डावर, 'मिरजेस वडील वारले, तीन दिवस सुतक धरले' आणि लगेच खाली उसाच्या पाण्याचं. आम्ही आपलं, बाप गेला आणि तीनच दिवस? आत्यानं ऐकल्या ऐकल्या सांगितलं, अरे दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचं सुतक तीनच दिवस असतं, दहा दिवसांचं दत्तक घेतलेल्या घराचं. तेव्हा पत्रांत सुतकाचे दिवस बघा. आणि जमीन असेल तर सातबाऱ्यावर गोलात फेरफार नंबर (जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदींचे) असतात ते धरून मागं मागं जात वारसाची नोंद काढा, आमच्या पणजोबांच्या नावापुढं तिथं सरळ 'दत्तक मुलगा' लिहिलेलं होतं.