मदत हवी आहे: अपेंडिक्समध्ये खडा असताना नुसत्या औषधांवर थांबावं का?

धाकटा भाऊ, वय 24, कालपासून सोलापुरात अ‍ॅडमिट आहे. बेंबीभोवतीचं दुखणं रात्रीतून उजवीकडे खाली सरकलं, उलट्या, कणकण. पांढऱ्या पेशी 14,800. सोनोग्राफीत गॅसमुळे अपेंडिक्स दिसलंच नाही. सीटीत जाडी 11 मिमी, तोंडाशी फिकोलिथ, म्हणजे कडक खडा. फुटलेलं नाही, पू नाही. सलाइनमधून अँटिबायोटिक्स चालू आहेत. ताप उतरलाय, पण पोट दाबून हात सोडला की अजून कळवळतो.

सर्जन उद्या सकाळी दुर्बिणीतून काढू म्हणतात. ओळखीतले एक डॉक्टर म्हणतात, औषधांवर भागतं, घाई कशाला. अमेरिकेतल्या कोडा चाचणीत (2020; अपेंडिक्सला अँटिबायोटिक्स की ऑपरेशन, याची रुग्णांवर केलेली तुलना) मात्र औषधांवर ठेवलेल्यांपैकी 10 पैकी सुमारे 3 जणांना 90 दिवसांत ऑपरेशन लागलंच. खडा असलेल्यांत 10 पैकी 4.

शुगर, अ‍ॅलर्जी काही नाही. मेडिक्लेम आहे, त्यामुळे पैशांची अडचण नाही. अडचण ही की दीड महिन्याने तो मालवाहू जहाजावर रुजू होणार, आणि भर समुद्रात पुन्हा दुखलं तर सर्जन कुठून आणणार! घरगुती उपाय कृपया नकोत.

इथल्या सर्जन मंडळींना विचारायचंय: खडा दिसत असताना तुम्ही औषधांवर थांबाल का? आणि दुर्बिणीतून काढल्यास जड कामाला किती आठवड्यांनी सोडता?