पेन्शनीआधीचं घर : दीपक पारेख निवृत्त झाले त्यानिमित्ताने तुमचे अनुभव

३० जून २०२३ ला घरकर्ज देणाऱ्या एचडीएफसी लिमिटेडचे अध्यक्ष दीपक पारेख निवृत्त झाले आणि १ जुलैला ती कंपनीच एचडीएफसी बँकेत विलीन झाली. एरवी माणूस जातो, खुर्ची राहते. इथे खुर्चीही उचलली.

मला गंमत वाटते ती सुरुवातीची. त्यांचे काका हसमुखभाई पारेख आयसीआयसीआयमधली कारकीर्द संपवून, साठी ओलांडल्यावर, १९७७ मध्ये ही संस्था काढायला बसले. नोकरदार माणसाने घरासाठी पेन्शनीपर्यंत का थांबायचं, एवढाच त्यांचा प्रश्न. पुतण्या चार्टर्ड अकाउंटंट, चेस मॅनहॅटनमधली परदेशी बँकेची नोकरी. ती सोडून १९७८ मध्ये जवळपास निम्म्या पगारावर काकांकडे आला. १९९३ मध्ये अध्यक्ष झाला.

माझ्या आजोबांनी फंड-ग्रॅच्युइटीतून सांगलीला दोन खोल्या बांधल्या आणि त्यात जेमतेम सहा वर्षं राहिले. वडिलांनी ठाण्यात छत्तिसाव्या वर्षी घर घेतलं, कर्ज काढून. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "हे घर आपलं नाही, त्या कंपनीचं आहे." एका पिढीत एवढा फरक पडला.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. कर्ज मिळालेले, न मिळालेले, तिथे नोकरी केलेले, शेअर घेऊन विसरलेले, सगळे या. आरतीच ओवाळायला हवी असं नाही.

डोंबिवलीहून

१९८७. वन रूम किचन, १ लाख १० हजार. कर्ज ७० हजार, व्याज १३ टक्क्यांच्या आसपास, हप्ता ९०० च्या आतबाहेर. यांचा पगार तेव्हा दोन हजारही नव्हता. सगळ्यात अवघड काय होतं सांगू? व्याज नाही, जामीनदार. दोन पाहिजे होते. एक यांच्या ऑफिसातले, त्यांनी लगेच सही केली. दुसरे आमचेच नात्यातले. त्यांच्याकडे तीनदा गेलो, तिन्हीदा पोहे खाल्ले आणि परत आलो. शेवटी शाळेतल्या माझ्या मुख्याध्यापिका बाई उभ्या राहिल्या. आमच्या दारावर पाटी यांच्या नावाची असली तरी मी मनात बाईंचं नाव वाचते.

चर्चगेटच्या रेमॉन हाऊसमध्ये, एचडीएफसीच्या ऑफिसात, गेलो तेव्हा मी ठेवणीतली साडी नेसले होते. कर्ज मागायला जाताना मान खाली असते असं वाटायचं. तिथल्या मुलीने "या, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. दीपक पारेख कोण हे तेव्हा माहीतही नव्हतं.

पुण्याहून, तिथेच नोकरी केलेला

मी टेक्निकलला होतो. म्हणजे लोक समजतात तसं कॉम्प्युटर नव्हे. साइटवर जाऊन बांधकाम बघायचं. लूना, टेप, वही. कर्जाचे पैसे एकदम मिळत नसत, काम चढेल तसे सुटत: पाया, मग एकेक स्लॅब, मग वीटकाम, प्लास्टर. एका बिल्डरचा (नाव कशाला?) फोन, "तिसरा स्लॅब पडला, चेक पाठवा." गेलो तर नुसतं सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा साचा, लावलेलं. म्हणाला, "साहेब, उद्या पडणारच आहे." मी म्हटलं, मग उद्या येतो. अकरा दिवस रोज गेलो. बाराव्या दिवशी स्लॅब पडला.

कर्जदाराला वाटायचं, हा माणूस आपले पैसे अडवतोय. खरं तर अडवलेला प्रत्येक चेक त्याच्याच बाजूने असायचा, कारण न झालेल्या स्लॅबचं व्याज त्यालाच भरावं लागलं असतं. हे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेली निम्मी कागदांत: तीस वर्षांच्या मालकीचा शोध (सर्च), सातबारा, आधीच्या मालकांचे साखळी करार, सोसायटीची एनओसी. साखळीतला एक करार हरवला की माणूस रडकुंडीला यायचा.

पारेखसाहेबांशी माझा थेट संबंध नाही, एक-दोनदा लांबून पाहिलं इतकंच. पण निम्म्या पगाराची ती गोष्ट आम्ही नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ऐकवायचो. पोरगं मग महिनाभर पगाराचा विषय काढत नसे.

नाशिकहून

वरचं सगळं गोड आहे, पण हे पगारपत्रकवाल्यांचं गोड आहे. माझे वडील शिंपी. रोख धंदा, रिटर्न नाही, शिक्का नाही. १९९४ मध्ये दोन ठिकाणी हेलपाटे मारले (नावं घेत नाही), दोन्हीकडे पहिला प्रश्न, "सॅलरी स्लिप?" शेवटी पतपेढीचं कर्ज, ते ही १८ टक्क्यांनी. माणूस मोठा असेल, फ्लॅटचे भाव उतरवा असं बिल्डरांना जाहीरपणे सुनावणाराही होता. पण मध्यमवर्गाला घर मिळालं म्हणजे सगळ्यांना मिळालं असं लिहू नका. बाबांच्या गिऱ्हाइकांत कर्जावर घर घेतलेले कितीतरी होते. पडद्यांची मापं घ्यायला बाबाच जायचे.

मूळ लेखक, मध्येच

नाशिककर, हे लिहिलंत ते बरं केलंत. पडदे डोक्यातून जात नाहीयेत.

गिरगावातून

आमचा अनुभव भागधारकाचा. मामा दरवर्षी बिर्ला मातुश्री सभागृहातल्या वार्षिक सभेला जायचे, मलाही न्यायचे. व्यासपीठावर पारेख, खाली आमच्यासारखे पन्नास-शंभर शेअरवाले. माइक मिळाला की काही जण सोडायचेच नाहीत: ताळेबंद फार छान, अहवालाचा कागद छान, लाभांश थोडा वाढवा, आणि शेवटी शायरी. एवढं ऐकून घ्यायला अंगात वेगळाच धीर लागतो. माझ्या मते या माणसाचं खरं कसब तिथे दिसायचं, टीव्हीवरच्या मुलाखतींत नाही.

विलीनीकरणात २५ शेअरला बँकेचे ४२ मिळाले. मामांचे ५० होते, त्याचे ८४ झाले. मामा नव्हते तोवर. वारसनोंदीचे कागद अजून चाललेत.

हैदराबादहून

जानेवारी २००९ मध्ये मी इथे आयटीत होतो, सत्यम कंपनीत नव्हे. ७ तारखेला सत्यमच्या हिशेबातला घोटाळा बाहेर आला, आणि चारच दिवसांत सरकारने नेमलेल्या नव्या संचालक मंडळात किरण कर्णिक आणि अच्युतन यांच्यासोबत दीपक पारेख. आमच्या मेसमध्ये बहुतेकांना पहिली दोन नावं नवी होती. पारेखांचं नाव ऐकल्यावर मात्र एक जण म्हणाला, "अरे, हे तर माझ्या हप्त्यावाले!" एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली. तो मित्र सत्यममधलाच, आजही तिथेच आहे. त्याचा हप्ताही चालू आहे, पण तो आता तिसऱ्या फ्लॅटचा.

दुबईहून

इथे एचडीएफसीचं ऑफिस होतं. वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून कल्याणचा फ्लॅट घेतला. ताब्याच्या दिवशी मी इथे, चावी तिथे. फोनवर कुलूप उघडल्याचा आवाज ऐकवला होता.

ठाण्याहून, मूळ लेखक

एक राहिलं. आमचं कर्ज फिटल्यावर मूळ कागद आणायला वडील मलाही घेऊन गेले. तिथे प्रत्येक पान मोजून घेतलं, सही केली. घरी येऊन फाईल आजीच्या हातात दिली. तिने चष्मा लावून पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि म्हणाली, "ह्यात घरपट्टीची पावती कुठाय?"