तारखांच्या मागे मंजूर पैसा आहे, पण कायदा हवाच

२०३५ला भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक आणि २०४०ला चंद्रावर भारतीय या नुसत्या घोषणा आहेत असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. तारखा ठरल्या ऑक्टोबर २०२३मध्ये, आणि वर्षभरात कॅबिनेटने चंद्रावरची माती आणणाऱ्या चांद्रयान-४ला २१०४ कोटी, नवीन मोठ्या रॉकेटला (एनजीएलव्ही) ८२४० कोटी मंजूर केले, शिवाय स्थानकाचा पहिला भाग (मॉड्यूल) जावा म्हणून माणसांना अंतराळात नेणाऱ्या गगनयानची व्याप्तीही तेव्हाच वाढवली. जानेवारी २०२५मध्ये स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह अंतराळात एकमेकांना जोडणं (डॉकिंग) पण जमलं, ज्याच्याशिवाय स्थानक जोडताच येत नाही. म्हणजे क्रम विचार करूनच लावलाय.

मला काळजी वाटते ती वेगळीच. २०२३चं अंतराळ धोरण छानच आहे, इस्रोने संशोधन बघायचं, इन-स्पेस या सरकारी संस्थेने खाजगी कंपन्यांना परवानग्या द्यायच्या वगैरे, पण धोरण काय, पुढचं सरकार बदलू शकतं ना. अमेरिकेत बुशच्या काळातला, माणसं पुन्हा चंद्रावर नेण्याचा कॉन्स्टेलेशन प्रोग्रॅम ओबामांनी २०१०मध्ये बंद करायला घेतला, तरी त्यातलं ओरायन यान टिकलं कारण तिथल्या संसदेने त्याच वर्षी कायदा करून ते काम चालू ठेवायला लावलं. आपल्याकडेही तसा संसदेचा भक्कम आधार हवा, नाहीतर खाजगी कंपन्यांनी पंधरा-वीस वर्षांचा पैसा कशाच्या भरवशावर गुंतवायचा? आणि त्यांच्या रॉकेटमुळे दुसऱ्या देशात नुकसान झालं तर अंतराळ वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीबद्दलच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाईची जबाबदारी आपल्या सरकारवर येते, मग त्यातलं कंपनीकडून किती घ्यायचं आणि विमा किती रकमेचा, हे कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं पाहिजे.