माती उंट: नाटकाने एक कादंबरीकार गिळला का?

रात्रवाचक:
नाव वाचून हसून घ्या, मग पुढे वाचा. माणूस एस्टोनियाचा, नाव खरोखरच माती उंट. जन्म १९४४, मृत्यू २००५. पहिली कादंबरी १९६३ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. १९७९ ची 'सुगिसबॉल', म्हणजे शरदातलं नृत्य, ही त्याची सर्वात गाजलेली. तालिन शहराच्या मुस्तामाए वसाहतीत, सोव्हिएत काळातल्या एकसारख्या इमारतींत राहणारी सहा माणसं: एक कवी, एक वास्तुविशारद, एक म्हातारा न्हावी, रेस्टॉरंटचा दरवान, टीव्हीवरच्या मालिकेत जीव रमवणारी एक बाई आणि तिचा लहान मुलगा. एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात, पण हाक कुणी कुणाला मारत नाही.

एवढं लिहिणारा माणूस पुढे दिग्दर्शनात गेला आणि पुढची मोठी कादंबरी थेट १९९० मध्ये आली. अकरा वर्षं! आधी तालिनचं युवा नाट्यगृह, मग एस्टोनियन ड्रामा थिएटर. ते प्रयोग आज कुठे आहेत? पडदा पडला की संपलं. माझं सरळ म्हणणं असं की नाटकाने एक अव्वल कादंबरीकार खाल्ला.

तिसरी घंटा:
साफ असहमत. तुमच्या मांडणीत नाटक म्हणजे उतारवयात लागलेलं व्यसन. प्रत्यक्षात १९६६ पासून हा माणूस तार्तूच्या 'वानेमुइने' नाट्यगृहात साहित्य विभागाचा प्रमुख होता. १९६९ च्या सुमारास एवाल्द हेर्माक्युला आणि यान तूमिंग या दिग्दर्शकांनी तिथलं रंगमंचाचं व्याकरण उलटंपालटं केलं, तेव्हा हा त्यांच्याबरोबर होता. म्हणजे 'सुगिसबॉल'च्या आधी दहा वर्षं नाटक त्याच्या अंगात होतंच. आणि १९९० मध्ये एक नाही, दोन कादंबऱ्या आल्या. गिळलेला माणूस दोन कादंबऱ्या देतो होय?

रात्रवाचक:
दोन आल्या, मान्य. पण त्या कशा आहेत ते बोला की. 'रात्रीतल्या गोष्टी' ही म्हणे विजेबद्दलची कादंबरी. त्यात निवडुंग आहेत, अंधारात गोठलेलं शहर आहे, वीजकेंद्र उडवून द्यायचा बेत आहे, मध्येच कुठली कुठली उताऱ्यांची कात्रणं. 'सुगिसबॉल'मधली माणसं मला अजून आठवतात. यातलं एकही पात्र आठवत नाही. भेळ आहे नुसती.

खिडकीजवळची सीट:
भेळेला नावं ठेवू नका राव.

विषयाला धरून: तालिनमध्ये शिकत असताना दोन वर्षं मुस्तामाएत राहिलोय. इमारती एकसारख्या खऱ्या, पण मध्ये पाइनची उंच झाडं आहेत आणि लोकांना तो भाग आवडतो. पुस्तकावरून २००७ मध्ये वेइको उनपू यांनी चित्रपट केला. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात होरायझन्स विभागाचं बक्षीसही मिळालं. गंमत म्हणजे त्यात मुस्तामाए नाहीच, लास्नामाए आहे. ती वसाहत नंतरची आणि जास्त अंगावर येणारी. तेव्हा 'सुगिसबॉल'चं जे उदास चित्र डोक्यात असतं त्यातलं किती उंटचं आणि किती कॅमेऱ्याचं, हे एकदा तपासा.

तिसरी घंटा:
भेळेबद्दल. उंटची 'ब्रेश्त रात्री अवतरतो' (१९९७) वाचली आहे का कुणी? १९४० चा उन्हाळा. नाझींपासून पळालेला जर्मन नाटककार ब्रेश्त फिनलंडमध्ये हेला वुओलियोकी या लेखिकेच्या शेतवाडीवर राहतोय, खातोपितो, 'पुंटिला' हे नाटक लिहितोय. वुओलियोकी स्वतः एस्टोनियात जन्मलेली. आणि फिनलंडच्या आखाताच्या पलीकडे, हेलसिंकीपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, १७ जूनला लाल सैन्य एस्टोनिया ताब्यात घेतं आणि ऑगस्टमध्ये देशच सोव्हिएत संघात विरघळतो. शोषितांचा कैवारी त्या दिशेला बघतही नाही. उंट काय करतो, तर ब्रेश्तच्या दिनचर्येत मध्येच कागदपत्रं घुसवतो: तारखा, घटना, माणसांचं पुढे काय झालं. वाचक जरा रमला की टाळी वाजवून जागं करायचं. हे तंत्र कुणाचं? ब्रेश्तचंच! त्याचंच हत्यार त्याच्यावर उगारलंय. निव्वळ कादंबरीकाराला हे सुचलं नसतं. त्याला रंगमंचावर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या संहिता कापून शिवलेला माणूस लागतो.

गावठी समीक्षक:
+१. १९९० च्या दुसऱ्या कादंबरीत, रक्तदात्याच्या टिपणांत, त्याने ड्रॅक्युला आणून लिडिया कोयदुलाच्या कथेला जोडलाय. कोयदुला म्हणजे एस्टोनियाची राष्ट्रीय कवयित्री, आणि १८७० मध्ये तार्तूत एस्टोनियन रंगभूमीची सुरुवात झाली ती तिच्याच नाटकाने. आपल्या देशाच्या देव्हाऱ्यातल्या मूर्तीशेजारी रक्तपिपासू आणून उभा करायचा, याला धाडस लागतं. मात्र वाचताना दमछाक होते, हेही खरं.

रात्रवाचक:
ब्रेश्तच्या मुद्द्यावर मी एक पाऊल मागे घेतो. ती वाचली आहे, पण कागदपत्रांची पानं उलटत गेलो होतो. चूक माझी.

तरी मूळ तक्रार तशीच आहे. त्याचा एकही प्रयोग तुम्ही पाहिलेला नाही, मीही नाही. दिग्दर्शक उंट आपल्यासाठी ऐकीव आहे. ऐकीव माणसाच्या जोरावर तुम्ही लेखक उंटला मोठा ठरवताय.

तिसरी घंटा:
आणि ज्या अकरा वर्षांत तुम्हाला रिकामं दिसतंय, त्यात तालिनमध्ये प्रेक्षक रोज संध्याकाळी तिकीट काढून बसत होते. १९८० मध्ये रशियनीकरणाविरुद्ध चाळीस बुद्धिजीवींनी जे खुलं पत्र लिहिलं, त्यावर उंटचीही सही आहे. त्या वातावरणात भरलेल्या सभागृहासमोर काम करायचं की आपल्यासारख्यांनी चाळीस वर्षांनी इंग्रजीतून वाचावं म्हणून घरी बसून लिहायचं? त्याने सभागृह निवडलं. आपली गैरसोय झाली, त्याची नाही.

रात्रवाचक:
हे 'आपली गैरसोय' मात्र झोंबलं. कागदपत्रांसकट ब्रेश्त परत काढतोय. तोवर धागा बंद करू नका.

खिडकीजवळची सीट:
आणि भेळ?